शॉर्ट सेलचं घर, ५ महिने झाले, बँकेचा पत्ता नाही. थांबू की सोडून देऊ?

घरशोधक_फ्रीमाँट | ३० ऑक्टोबर २०१२

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण डोकं चालेनासं झालंय म्हणून सगळंच सांगून टाकतो. शॉर्ट सेल म्हणजे मालकाचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त असतं आणि बँक कमी पैसे घेऊन घर विकू देते. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला भाड्याने राहतो, मी, बायको आणि ४ वर्षांची मुलगी. इथल्या किमती परवडत नाहीत म्हणून अल्टामाँट घाटाच्या पलीकडे माउंटन हाउसला घर बघायला लागलो. माउंटन हाउस माहीत असेलच, २००८ ला पेपरात आलं होतं, देशात सगळ्यात जास्त अंडरवॉटर घरं असलेला झिपकोड, दहातल्या जवळपास नऊ घरांवर किमतीपेक्षा कर्ज जास्त.

जूनच्या ९ तारखेला एका ४ बेडरूमच्या घरावर ऑफर टाकली, ३ लाख ३५ हजार डॉलर. मालकांनी २००६ ला ७ लाखाला घेतलेलं, तेही ८०-२० करून, म्हणजे एका बँकेचं पहिलं कर्ज ५ लाख ६० हजार आणि वेगळ्याच बँकेचं दुसरं १ लाख ४० हजार. तेलुगू कुटुंब आहे, साधी माणसं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी सही केली. आम्हाला वाटलं दसऱ्याला आरामात गृहप्रवेश होईल.

त्यानंतर जे सुरू झालंय ते असं. जुलैत बँकेचा माणूस येऊन घराची किंमत लावून गेला. ऑगस्टमध्ये कळलं की आमची फाइल बघणारी निगोशिएटर नोकरी सोडून गेली. नवीन आला त्याने सगळी कागदपत्रं परत मागितली कारण आधीची ६० दिवसांपेक्षा जुनी झाली. सप्टेंबरात बँकेने उलट ऑफर दिली, ३ लाख ६२ हजार, आम्ही ३ लाख ५० वर आलो, तोपर्यंत तिसरी निगोशिएटर. ती म्हणाली २ आठवड्यात मंजुरीचं लेटर येतंय, त्या भरवशावर मी ४५ दिवसांचा रेट लॉक केला (आमच्या नव्या कर्जाचा व्याजदर पक्का करून ठेवला) आणि तो आता पुढच्या आठवड्यात संपतोय. लेटर नाहीच. त्यात दुसरी बँक म्हणतेय आम्हाला १५ हजार पाहिजेत आणि पहिली म्हणतेय विक्रीच्या पैशातून दुसरीला ६ हजाराच्या वर एक पैसा जाऊ देणार नाही. आणि काल मालकांना कागद आला, घराचं ऑक्शन १४ नोव्हेंबरला. म्हणजे ऐन पाडव्याला.

विचारायचं हे की १) हे असंच असतं का सगळ्यांचं? २) मी स्वतः बँकेला फोन केला तर चालेल का? ३) मालकांचा एजंट सुचवतोय की वरचे ९ हजार तुम्ही दुसऱ्या बँकेला बाहेरून द्या, कागदावर नको. मला ते बरोबर वाटत नाहीये. ४) थांबू का?

एल्कग्रोव्हकर | ३० ऑक्टोबर २०१२

असंच असतं. आमचं ऑक्टोबर २०१० ला सुरू झालं आणि किल्ली हातात आली मे २०११ ला, ७ महिने. त्यात सलग दोन महिने असे गेले की कोणी काहीच सांगितलं नाही आणि मग एका गुरुवारी संध्याकाळी लेटर आलं की ३० दिवसांत क्लोज करा नाहीतर मंजुरी रद्द. आम्हाला कर्ज देणारी बँक तयार नाही, अप्रेझल (घराच्या किमतीचा अंदाज) जुनं झालेलं, मी भारतात होतो सुट्टीवर. धावपळ काय झाली ते विचारू नका.

माझं स्पष्ट मत, लेटर हातात येईपर्यंत रेट लॉक करायचा नाही, भाड्याच्या घराची नोटिस द्यायची नाही, मुलीचं नाव शाळेतून काढायचं नाही. भाड्याची मुदत महिना महिना वाढवून घ्या, थोडं जास्त पडेल पण पडू दे. आणि दुसरी घरं बघणं अजिबात थांबवू नका, मंजुरी येईपर्यंत तुम्हाला सोडता येतं का ते तुमच्या कराराच्या शॉर्ट सेल ॲडेंडममध्ये (पुरवणीत) लिहिलेलं असतं ते आजच वाचा.

अजून एक. आमच्या घरात इन्स्पेक्शनच्या वेळी वीज आणि पाणी दोन्ही तोडलेलं होतं. मालकांच्या परवानगीने वीज मी माझ्या नावाने ४ दिवस चालू करून घेतली पण पाण्याचं राहून गेलं. राहायला गेलो त्या रात्री बायकोने सिंकखाली हात घातला तर कपाटाची फळी पुठ्ठ्यासारखी मऊ, आतला पाइप गळत होता. ॲज-इज विक्री, म्हणजे घर आहे तसं घ्यायचं, कोणाला सांगणार? तेव्हा मीटर चालू असल्याशिवाय इन्स्पेक्शन करू नका.

फिनिक्सवाला | ३० ऑक्टोबर २०१२

आमच्याकडे ॲरिझोनात मी ५ महिने थांबलो आणि सोडून दिलं. सोडल्यावर ९ दिवसांनी मंजुरी आली, घर दुसऱ्याने घेतलं. आजही त्या रस्त्याने जाताना बघवत नाही. पण तेव्हा जो निर्णय घेतला तो हातात असलेल्या माहितीवरच घेतला होता, अजून ५ महिनेही लागले असते, कोणी सांगावं.

मीनल_रिअल्टर | ३१ ऑक्टोबर २०१२

मी सॅन होजेला एजंट आहे, २००८ पासून शॉर्ट सेल करतेय, खरेदीच्या बाजूनेही आणि विक्रीच्याही. तुमचे आकडे वाचून काही गोष्टी सांगते.

पहिलं म्हणजे "बँक" असा एक माणूस डोळ्यासमोर आणू नका. ज्यांना मालक हप्ता भरतात ती कंपनी बहुतेक वेळा फक्त सर्व्हिसर असते, वसुली करणारी. पैसे कोणा तिसऱ्याचे. फॅनी मे, फ्रेडी मॅक (बँकांकडून कर्जं विकत घेणाऱ्या, सरकारी पाठबळाच्या दोन कंपन्या), नाहीतर वॉल स्ट्रीटवर विकलेला एखादा ट्रस्ट, म्हणजे हजारो कर्जं एकत्र बांधून गुंतवणूकदारांना विकलेली. सर्व्हिसर त्या ट्रस्टच्या करारात जेवढं लिहिलंय तेवढंच करू शकतो. मॉर्गेज इन्शुरन्स असेल तर त्या कंपनीचीही सही लागते. शॉर्ट सेलचं डिपार्टमेंट वेगळं, फोरक्लोजरचं (थकलेल्या कर्जापोटी घराचा लिलाव करण्याचं) वेगळं, आणि ऑक्शन घेणारी ट्रस्टी कंपनी आणखी वेगळी. यातल्या एकालाही दुसरा आज काय करतोय ते माहीत नसतं. निगोशिएटर तुम्हाला २ आठवडे म्हणाली तेव्हा ती खोटं बोलत होती असं नाही, तिला तिच्या टेबलापलीकडचं दिसतच नाही.

आता तुमचं. या वर्षी १५ जूनपासून नियम आलाय की फॅनी-फ्रेडीच्या कर्जांवर सर्व्हिसरने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, उशीर झाला तर दर आठवड्याला कळवायचं आणि काही झालं तरी ६० दिवसांत निर्णय. वाचून छान वाटतं, पण ते दिवस फाइल "पूर्ण" झाल्यापासून मोजतात, आणि फाइल पूर्ण झाली हे सर्व्हिसरच ठरवतो. शिवाय तुमच्या घराला हा नियम लागूच होत नाही. २००६ ला फॅनी-फ्रेडीची मर्यादा ४ लाख १७ हजार होती, यांचं पहिलं कर्ज ५ लाख ६० हजार, म्हणजे ते तिथे जाऊच शकत नव्हतं. कुठल्यातरी ट्रस्टमध्ये किंवा बँकेच्या स्वतःच्या वहीत असणार. मालकांना लेखी विचारायला सांगा की आमच्या कर्जाचा इन्व्हेस्टर कोण. ते विचारायचा हक्क त्यांना आहे.

तुम्ही फोन करून उपयोग नाही, कर्ज तुमचं नाही, ते तुमच्याशी बोलणार नाहीत. पण मालक बोलू शकतात. फेब्रुवारीत ४९ राज्यांनी ५ मोठ्या सर्व्हिसरांशी २५ अब्ज डॉलरची तडजोड केली त्यात एक अट होती, कर्जदाराला एकच ठरलेला माणूस द्यायचा. मालकांचा सर्व्हिसर त्या पाचांत असेल तर तीन तीन निगोशिएटर बदलल्याचं तारखांसकट लिहून कळवायला सांगा.

९ हजार बाहेरून देऊ नका. अजिबात नाही. एकूण एक डॉलर सेटलमेंटच्या कागदावर दिसला पाहिजे, सगळे मिळून तशी सही करतात, आणि लपवून दिलेला पैसा म्हणजे पहिल्या बँकेची सरळ फसवणूक, त्यात तुम्हीही अडकता. जो एजंट हे सुचवतोय त्याच्याशी यापुढे फक्त ईमेलवर बोला.

दुसरी बँक का ताणतेय? ऑक्शन झालं तर तिच्या हातात शून्य येणार. घर घेतानाच काढलेलं दुसरं कर्ज आहे, कॅलिफोर्नियात त्याची मालकांकडून वैयक्तिक वसुलीही करता येत नाही. तरी ताणतात, कारण पहिल्याला घर काढायची घाई आहे हे त्यांना दिसतं. बऱ्याचदा शेवटच्या आठवड्यात खाली येतात. आता खरी भीती १४ तारखेची आहे. मालकांच्या एजंटने फोरक्लोजर डिपार्टमेंटला वेगळा फोन करून ऑक्शन पुढे ढकलल्याचं *ट्रस्टीकडून* खात्री करून घेतली पाहिजे, निगोशिएटरच्या शब्दावर राहायचं नाही.

निळी_छत्री | १ नोव्हेंबर २०१२

मी सहसा लिहीत नाही, पण इथे सगळे घर घेणारे दिसतायत आणि मी दुसऱ्या बाजूची आहे.

आमचं लेथ्रॉपला घर होतं. २००५ ला घेतलं, २००९ ला यांची नोकरी गेली, २०१० च्या शेवटी शॉर्ट सेलने विकलं. रोज रात्री जेवणं झाली की मी डायनिंग टेबलवर कागद लावत बसायची. दोन वर्षांचे टॅक्स, दोन महिन्यांचे बँक स्टेटमेंट, पगाराची स्लिप नाही तर ती का नाही त्याचं पत्र, आणि हार्डशिप लेटर. ते पत्र लिहिताना मला रडू आलं होतं, की आम्ही हप्ता का भरू शकत नाही हे अनोळखी माणसाला पटवून द्यायचं, आणि तेही एका पानात. ४२ पानं फॅक्स करायची. कोपऱ्यावरच्या दुकानात पानाला डॉलर घ्यायचे म्हणून यांच्या मित्राच्या ऑफिसात रात्री जाऊन करायचो.

एकदा फाइलच बंद केली. का, तर बँक स्टेटमेंटची ६ पानं, आम्ही ५ पाठवली. सहावं पान कोरं होतं, त्यावर "हे पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे" एवढंच छापलेलं. मी ते कोरं म्हणून पाठवलं नव्हतं. फोनवरच्या मुलीने सांगितलं, पान १ ते ६ पाहिजेत मॅडम, अपूर्ण फाइल सिस्टीम आपोआप बंद करते. परत पहिल्यापासून. तोपर्यंत आमचा पहिला खरेदीदार कंटाळून निघून गेला होता. मला त्यांचा राग नाही आला, त्यांचीही दोन लहान मुलं होती. पण त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही, एवढं आठवतंय.

दुसरा खरेदीदार मिळाला, तो थांबला, आणि सरकारच्या हाफा स्कीममधून निघताना आम्हाला ३ हजार डॉलर मिळाले, त्यात भाड्याच्या घराचं डिपॉझिट भरलं. तो थांबला नसता तर घर ऑक्शनला गेलं असतं आणि ते ३ हजारही गेले असते.

म्हणून तुम्हाला सांगते दादा, थांबायचं की नाही ते तुमच्या संसाराकडे बघून ठरवा, कोणाच्या उपकारासाठी नाही. पण सोडणार असाल तर त्या कुटुंबाला लवकर सांगा. आणि थांबणार असाल तर तेही सांगा, एजंटमार्फत नाही, स्वतः. आमच्या खरेदीदाराने एकदा फोन करून "आम्ही आहोत" एवढंच सांगितलं होतं, त्यावर आम्ही महिना काढला.

घरशोधक_फ्रीमाँट | १ नोव्हेंबर २०१२

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचून बायको आणि मी बराच वेळ गप्प बसलो. आम्ही १४ पर्यंत थांबायचं ठरवलंय. मालकांना आजच फोन करतो. ९ हजारांना ईमेलवर नाही म्हणून कळवलं. लॉक संपू देतोय. दुसरी दोन घरंही बघतोय, त्यातलं एक रेग्युलर सेल आहे ट्रेसीत, म्हणजे बँकेची मंजुरी लागत नाही.

पुणेकर_आजोबा | २ नोव्हेंबर २०१२

माझा मुलगा तिकडे आहे म्हणून वाचतो. एक शंका. आपल्याकडे बँक वन टाइम सेटलमेंट करते तसंच हे का? आणि राहिलेलं कर्ज खरंच माफ होतं?

मीनल_रिअल्टर | २ नोव्हेंबर २०१२

काका, थोडंफार तसंच, फक्त आपल्याकडे सेटलमेंटचे पैसे कर्जदाराने कुठून तरी उभे करायचे असतात आणि इथे घर विकूनच ते येतात, म्हणून खरेदीदारही त्या भांडणात ओढला जातो. माफीचं राज्याराज्यात वेगळं आहे. कॅलिफोर्नियात २०११ पासून कायदा आहे की शॉर्ट सेलला लेखी मंजुरी दिली की राहिलेली रक्कम बँकेला मागता येत नाही, आधी पहिल्या कर्जाला होता, जुलै २०११ पासून दुसऱ्यालाही. माफ झालेल्या रकमेवर टॅक्स लागू शकतो, राहत्या घरासाठी २००७ चा सवलतीचा कायदा आहे पण तो या ३१ डिसेंबरला संपतोय आणि काँग्रेस (इथली संसद) वाढवणार की नाही कोणालाच माहीत नाही. त्यामुळे सध्या प्रत्येक विकणारा वर्षअखेरीच्या आत क्लोज करायला धडपडतोय आणि बँकांकडे गर्दी अजूनच वाढलीय. त्याचं मालकांनी सीपीएला (इथल्या सीएला) विचारलेलं बरं.

घरशोधक_फ्रीमाँट | १६ नोव्हेंबर २०१२

अपडेट देतोय. घर गेलं.

झालं ते तारीखवार सांगतो. ८ तारखेला पहिल्या बँकेचं लेटर आलं, ३ लाख ५० हजार मंजूर, दुसऱ्याला ६ हजार. मी ऑफिसातून घरी फोन केला, बायकोने देवापुढे साखर ठेवली. ९ ला शुक्रवारी दुसरी बँक फोनवर हो म्हणाली, ६ हजार चालतील, लेटर सोमवारी देतो. सोमवारी व्हेटरन्स डेची सुट्टी. मंगळवारी लक्ष्मीपूजन, दिवसभर मी आणि मालक एकमेकांना फोन करतोय, लेटर नाही. संध्याकाळी पहिल्या बँकेची निगोशिएटर म्हणाली काळजी करू नका, ऑक्शन पुढे ढकलायची रिक्वेस्ट टाकलीय. मीनलताई, तुम्ही सांगितलं होतं तसं आम्ही ट्रस्टीकडे विचारलं, तर ट्रस्टी म्हणाला आमच्याकडे अजून सूचना नाही, सकाळी बघा.

बुधवारी सकाळी मी सुट्टी टाकून स्टॉकटनला गेलो. मालकही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात बँकेच्या लेटरची प्रिंट प्लास्टिकच्या फोल्डरात. कोर्टाच्या बाहेर पायऱ्यांपाशी एक माणूस क्लिपबोर्ड घेऊन भराभर पत्ते वाचतो, बरेचसे पत्ते वाचून "पुढे ढकललं" म्हणतो आणि पुढे जातो. आमचा पत्ता आला. आम्ही दोघं त्या शब्दाची वाट बघत होतो. तो बोलीचा आकडा बोलला. कॅशियर चेकचे गठ्ठे घेऊन आलेली चार-पाच माणसं उभी होती, दोन मिनिटांत संपलं. मालक फोल्डर पुढे करून त्याला दाखवत होते, तो म्हणाला सर मला फक्त लिस्टवर जे आहे ते वाचता येतं.

निगोशिएटरला तिथूनच फोन लावला. तिलाही धक्का बसला, ती खरंच घाबरली होती आवाजावरून. तिची रिक्वेस्ट फोरक्लोजरवाल्यांनी घेतलीच नाही, कारण दुसऱ्या बँकेचं लेटर फाइलमध्ये नव्हतं. ते लेटर दुपारी अडीचला आलं.

आमचं डिपॉझिट परत मिळतंय. इन्स्पेक्शन आणि अप्रेझलचे मिळून साडेआठशे गेले, ते काही नाही. मालकांचं काय होणार ते बघवत नाही.

मीनल_रिअल्टर | १६ नोव्हेंबर २०१२

खूप वाईट वाटलं. याला इथे ड्युअल ट्रॅकिंग म्हणतात, एका हाताने मंजुरी आणि दुसऱ्या हाताने लिलाव. जुलैत गव्हर्नर ब्राउननी ज्या होमओनर बिल ऑफ राइट्सवर (घरमालकांच्या हक्कांच्या कायद्यावर) सही केली त्यात हेच बंद केलंय, सगळ्या पार्ट्यांची लेखी मंजुरी आणि खरेदीदाराच्या पैशाचा पुरावा असेल तर ऑक्शन घेता येणार नाही. लागू होणार १ जानेवारी २०१३. जेमतेम ७ आठवडे आधी हे झालं. आणि मी प्रामाणिकपणे सांगते, तुमच्या केसमध्ये दुसरं लेटर सकाळी नव्हतं, तेव्हा तो कायदा असता तरी वाद झाला असता.

मालकांनी आजच दोन गोष्टी कराव्यात. सर्व्हिसरला लेखी मागणी, की मंजुरी दिलेली असताना झालेली विक्री रद्द करा. डीडची (खरेदीखताची) सरकारी नोंद व्हायच्या आत केली तर थोडी तरी आशा असते. बाहेरच्या माणसाने पैसे भरलेत म्हणून ती कमीच, पण मागणी कागदावर असू दे. दुसरं, सीएफपीबीकडे (कर्जांबद्दलच्या ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे) तक्रार. गेल्या डिसेंबरपासून ते मॉर्गेजच्या तक्रारी घेतात, सर्व्हिसरला उत्तर द्यावं लागतं. तारखा तुम्ही वर लिहिल्यायत तशाच लिहायच्या. आणि राहायला किती दिवस मिळतील ते वकिलाला विचारू दे, नवीन मालकाने दाराशी येऊन काहीही सांगितलं तरी लगेच निघायचं नाही, नोटिस आणि कोर्ट झाल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. बरेच इन्व्हेस्टर वेळेत निघण्याचे पैसे देतात, ते मागावेत, लाजू नये.

एल्कग्रोव्हकर | १७ नोव्हेंबर २०१२

काय बोलू. ट्रेसीच्या रेग्युलर सेलचं काय झालं?

घरशोधक_फ्रीमाँट | १७ नोव्हेंबर २०१२

ऑफर टाकली काल रात्री. ६० हजाराने महाग आणि एक खोली कमी. पण विकणारा माणूस एकच आहे आणि तो सोमवारी उत्तर देतो म्हणालाय. बायको म्हणाली एवढंच पुरे.

मीनलताई, तुम्ही लिहिलेलं सगळं मालकांना इंग्लिशमध्ये करून पाठवलं. ते आज वकिलाकडे गेलेत.

निळी_छत्री | १८ नोव्हेंबर २०१२

त्यांना भाड्याचं घर शोधायला लागेल तेव्हा अडचण येईल, फोरक्लोजर दिसलं की अपार्टमेंटवाले अर्जच बाजूला ठेवतात. मँटिकाला आमचे जे घरमालक आहेत ते क्रेडिट स्कोअर बघत नाहीत, मागच्या दोन वर्षांचे वीज-पाण्याचे बिल वेळेवर भरलेत का ते बघतात आणि माणसाशी बोलतात. त्यांचं अजून एक घर जानेवारीत रिकामं होतंय, ३ बेडरूम. मी त्यांच्याशी काल बोललेय. त्या कुटुंबाला माझा नंबर हवा असेल तर मला इथे मेसेज करा, मी पाठवते. वीज-पाण्याची बिलं काढून ठेवायला सांगा, सगळी पानं.

घरशोधक_फ्रीमाँट | १८ नोव्हेंबर २०१२

मेसेज केलाय ताई. त्यांची बिलं आहेत, फाइलला लावलेली, सगळी पानं आहेत.